काच बुजते

“नाही म्हणजे नाही, आज मी हलणार नाही,” म्हणत ग्रंथपालांनी स्टूल ओढलं आणि बसलेसुद्धा. “दोन वर्षं ऐकतोय, परकं माणूस समोर असलं की काच बुजते! पूर्वी आमच्यादेखत सपासप कापायचात. तेव्हाच्या काचा काय शूर होत्या?”

काचवाले दादा हसले. हसणं भाग होतं.

पलंगाएवढ्या टेबलावर जाड कांबळं अंथरलेलं होतं आणि त्यावर वाचनालयाची सहा फुटी काच निजलेली होती. जुनी पुस्तकं मांडायच्या लांब पेटीवर ती बसायची होती. एका कडेची चार बोटांची पट्टी काढायची, एवढंच काम. पण सहा फूट लांब आणि चार बोटं रुंद पट्टी सरळ काढणं म्हणजे काय, ते काढणाऱ्यालाच ठाऊक.

स्वयंपाकघराच्या दारात दादांची धाकटी बहीण उभी होती. वय बावन्न, पण दादांसाठी अजून चिमीच. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि नजर दादांवर. तिलाच काय ते माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी दादांच्या डोळ्यांसमोर धुकं आलं आणि ते गेलंच नाही. ‘आहे तेवढं जपा,’ डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दार लोटून आत चिमीच काच कापायची आणि गिऱ्हाइकाने दार उघडलं की तिच्या हातात केरसुणी असायची. “वा दादा, काय हात आहे!” लोक म्हणायचे. दादा मान तुकवून ते स्वीकारायचे. पहिल्यांदा ते टोचलं होतं. मग सवय झाली. पापाचं असंच असतं बघा, पहिल्या दिवशी ते दारात चोरासारखं येतं आणि महिन्याभरात घरच्यासारखं पाय पसरून बसतं.

“दादा, उद्या करू या का? आज हवा दमट आहे,” चिमी म्हणाली.

“अहो बाई, काच आहे, पापड नाही!” ग्रंथपाल खदखदून हसले.

दादांनी हिरकणी उचलली. काच कापायचं ते इवलं हत्यार त्यांच्या वडिलांच्या हातातलं होतं. रॉकेलमध्ये टोक बुडवलं, लाकडी पट्टी लावली. चिमीने ट्रे ठेवला आणि मुकाट्याने काचेचं दुसरं टोक धरलं. हिरकणी निघाली. सर्रर्र असा कोरं कापड फाटल्यासारखा आवाज झाला. हात जुना होता, वाट जाणत होता. पण मध्यावर ग्रंथपाल “वा!” म्हणाले, हात थबकला आणि उचलला गेला. आणि रेघ कुठवर आली, ते दादांना दिसेना. त्यांनी बोटाने चाचपलं, अंदाजाने हिरकणी टेकवली आणि पुढे ओढली. ती गेली आधीच ओढलेल्या रेघेवरून.

एका रेघेवरून दोनदा जायचं नसतं. हे दादांनीच चिमीला शंभरदा बजावलं होतं. काच तेवढी मानी, एकदा सांगितलेलं ऐकते, पुन्हा सांगायला गेलं की उलटते.

दोघांनी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवली. दादांनी खाली दाब दिला. तडा निम्म्यापर्यंत सुतासारखा गेला आणि मग वळला. नागासारखा आडवा, थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत.

“माझा हात हलला,” चिमी म्हणाली.

ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. “अरेरे! बाई, तुम्ही जरा लांब राहायचं ना. एवढा कसबी माणूस...”

इथे दादांनी गप्प बसायचं होतं. निदान तेवढं तरी. पण तोंडातून निघालं, “चालायचंच. बाईमाणूस आहे. घाबरते.”

ग्रंथपाल उद्या दुसरी काच आणतो म्हणून गेले. चिमी तुकडे गोळा करू लागली. दादा वाकले.

“बस तू. बोटं कापशील.”

“चिमे, रागावलीस?”

“रागवू कशाला? हात हलला, हे मीच म्हणाले. तुझी अब्रू झाकायला.” तिने एक लांब तुकडा अलगद पेपरात गुंडाळला. “बाईमाणूस तू म्हणालास. ते काही मी सांगितलं नव्हतं.”

जेवताना तिने नेहमीसारखं विचारलं, अजून वाढू का. त्या विचारण्याने दादा अर्धमेले झाले. भांडली असती तर बरं झालं असतं. देव माणसाला चव्हाट्यावर कधी मारत नाही. तो ताटावर बसवतो आणि समोरच्याच्या हातून प्रेमाने वाढतो. ज्याचं त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी काच आली. ग्रंथपाल दारातूनच म्हणाले, “आज मी बाहेर थांबतो बुवा. माझाच पायगुण नको.”

चिमी हिरकणी दादांच्या हाती देऊन दार लोटायला निघाली.

“राहू दे उघडं,” दादा म्हणाले. “साहेब, आत या, बसा. काच बुजत नाही. मीच बुजत होतो.” आणि त्यांनी हिरकणी चिमीपुढे धरली. त्यांचे कान लाल झाले होते. “कालची माझ्या हातून फुटली. मला रेघ दिसत नाही. तिचा हात हलला नव्हता. तिचा हात हलत नाही.”

“दादा, कशाला...” चिमी पुटपुटली.

“घे.”

ती वाकली. दादांनी दुसरं टोक धरलं. आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध गेला, कुठे श्वास घ्यायलाही थांबला नाही. पट्टी सरकवली, दाबली. ‘टक्’ झालं आणि सहा फुटांची पट्टी चिमीच्या हातात सरळ उतरली.

ग्रंथपाल बराच वेळ कडेवरून बोट फिरवत राहिले. “किती वर्षं?” त्यांनी हळूच विचारलं.

“दोन,” दादा म्हणाले. आणि लगेच, “त्याच्या आधीचं सगळं माझं.”

बोलल्याबरोबर त्यांना त्या घाईचीही लाज वाटली.

“काल मी बोललो, बाई. माफ करा,” ग्रंथपाल चिमीला म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत? पण पापड म्हणालात ते लागलं हं,” चिमी म्हणाली, आणि काल कोंडलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं.

ग्रंथपालांनी खिशातून मापांचा कागद काढला. आतल्या कपाटांना चार काचा लागणार होत्या. दादा उघड्या दारात उभे होते, त्यांचा हात सवयीने पुढे गेला. कागद त्या हातावरून पलीकडे गेला.

“बाई, हे जरा बघता?”

“हा पाव आहे की पाऊण? अक्षर आहे की मुंग्या?” चिमी कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाली.

दादांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ते दारातून बाजूला झाले. उजेड त्यांच्यामुळे अडत होता.