डावीकडचं वटवाघूळ

मित्रांनो, माझ्या पाठीवर छत्री घेतलेल्या एका बुटक्या माणसाचं चित्र होतं. माणूस कधीच खरवडून गेला, छत्री तेवढी उरली. मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे, 'छत्रीवाला' या खेळाचा दुसरा भाग. पहिल्या भागाने मुलांना हसवलं. मी त्यांना रडवलं.

त्यात माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. पहिला भाग मुलांनी एका सुट्टीत खेळून संपवला, तेव्हा दुकानदार कुरकुरले की संपलेला खेळ पुन्हा कोण नेणार? म्हणून मला घडवतानाच ठरलं होतं की ही सहजासहजी संपता कामा नये. चहाच्या उष्ट्या कपांच्या गराड्यात बसून एका बाईने माझ्या पोटातल्या गुहा, निसटत्या पायऱ्या आणि बर्फाचे पूल रचले. तिसऱ्या गुहेत तिने डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक वटवाघूळ ठेवलं. छत्रीवाला तुटक्या पायरीवर चढला की ते निघतं. त्याच जागेवरून, त्याच वेगाने, दरवेळी.

माझी स्मृती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. कारखान्यात जे कोरलं गेलं तेच मी जन्मभर दाखवणार. एक ठिपका इकडचा तिकडे करणं माझ्या हातात नाही. माझ्या साऱ्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

एका दुकानात मी भाड्याने जाऊ लागले. मुलं हौसेने न्यायची आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर आदळायची. "काका, ही चोर आहे! दिसायच्या आत मारते." खरं तर मी सगळं दाखवत होते. बघायला वेळ कमी देत होते, एवढंच. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. शेवटी दुकानदाराने मला खोक्यात टाकलं, आणि तिथून एका बस ड्रायव्हरने मला उचललं.

त्याचं घर इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांचं. त्याची बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. मुलीला सगळे चिंगी म्हणत. खेळाच्या यंत्राची वायर आखूड होती, त्यामुळे बापलेक टीव्हीला नाक लावूनच बसत. त्या घरात मी पहिल्यांदा लाडकी झाले. ड्रायव्हरचा हात असा बसला होता की वटवाघूळ निघायच्या आत छत्रीवाला खाली वाकायचा.

"बघ चिंगे, नजर चौफेर हवी," तो म्हणायचा. "डावीकडून सायकलवाला घुसतोच घुसतो. तसंच हे."

"चौफेर म्हणे!" मशीनवरून आईचा आवाज यायचा. "अहो, ताट वाढून ठेवलंय ते दिसत नाही, आणि ते वटवाघूळ बरोबर दिसतं."

"ताट चावत नाही ना."

"आज भाजी मी केलेली नाही, चिंगीने केलीय. बघा चावते का."

अशी काही वर्षं गेली. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं.

मग एका संध्याकाळी छत्रीवाला वाकला नाही. वटवाघळाने त्याला पाडलं. चूक कुणाकडूनही होते. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतरही तेच. बाकीच्या जागा तो पूर्वीसारख्याच पार करायचा, उजवीकडून येणारे दगड चुकवायचा. फक्त डावीकडचा वरचा कोपरा आला की त्याचं बोट बटणावर स्वस्थ असायचं. उशिरा दाबायचं असं नाही. दाबायचंच नाही. समोर काही आलंच नाही अशा थाटात.

बोटांची भाषा मला कळते. मला कळलं, की त्याला ते दिसत नाही.

"चोर आहे ही कॅसेट," तो म्हणाला. "दाखवत नाही आणि मारते."

"दुकानात सगळी मुलंपण हेच म्हणायची," चिंगी म्हणाली आणि मला काढून, यंत्राच्या खाचेत टेकणाऱ्या माझ्या दातांवर जोराची फुंकर मारली. फुंकरीने धूळ गेली, ओलावा मात्र आत राहिला. माझे तांब्याचे दात गंजत होते, पण मला त्याची पर्वा नव्हती. मला एकच धास्ती होती. हा माणूस रोज सकाळी खिळ्यावरची किल्ली घेतो, आणि माणसांनी भरलेली बस रस्त्यावर काढतो.

मी दुसरी एखादी सोपी कॅसेट असते, तर कुणालातरी शंका आली असती. पण माझी कीर्तीच अशी, की माझ्यापाशी हरणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. माझ्या बदनामीच्या आडोशाला त्याचा आजार निवांत वाढत होता. मला ओरडायचं होतं. पण माझ्याजवळ ओरडायला काय होतं? तेच वटवाघूळ. मी ते पुन्हा पुन्हा सोडत राहिले. बघ ना रे बाबा, एकदा तरी बघ! आणि दरवेळी छत्रीवाला पडत राहिला.

एकदा तो हिरमुसला होऊन घरी आला. डेपोच्या फाटकाला बसचा डावा आरसा घासला होता.

"खांबच पुढे आलाय तो," तो म्हणाला.

"हो, खांबाला पाय फुटले असतील," आई म्हणाली. सगळे हसले. यंत्राच्या खाचेत बसल्या जागी मी मात्र गारठले.

नंतरच्या एका संध्याकाळी चिंगी खेळत होती आणि तो शेजारी बसून बघत होता. छत्रीवाला तुटक्या पायरीवर चढला. वटवाघूळ कोपऱ्यातून निघालं. नेमकी तेव्हाच आईने हाक मारली, "चिंगे, दोरा ओवून दे गं!" चिंगीने खेळ थांबवला. पडद्यावर सगळं जागच्या जागी गोठलं.

ती परत आली तेव्हा तो म्हणाला, "पळव की आता. पुढे मोकळंच आहे."

"मोकळं? बाबा, वटवाघूळ आहे की!"

"कुठे?"

तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्याने मान वळवून बोटाकडे पाहिलं. "हां. आत्ता आलं बघ."

"बाबा, खेळ थांबलाय. येईल कसं?"

मशीनची खडखड बंद पडली. आई उठून आली. तो हसला, पण ते हसू ओठांपर्यंतच राहिलं. "कॅसेटचा काही भरवसा नाही. चोर आहे ती."

"तुम्ही छत्रीवाल्याकडे बघा," चिंगी म्हणाली. "नजर हलवायची नाही. आता दिसतंय?"

"नाही."

"काळं दिसतं तिथे?"

"काळं कशाला? गुहेची भिंत आहे."

मित्रांनो, डोळ्याचा जो भाग मरतो तिथे काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा गुपचूप सारवून टाकतो. म्हणून त्याला भिंत दिसत होती, आणि रस्त्यावर मोकळा रस्ता.

त्याने पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. वटवाघूळ होतं. छत्रीवाल्याकडे पाहिलं. नव्हतं. त्याने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही वेळा भिंतच.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "डोळे शिणलेत. महिनाभर बघू, मग दाखवू डॉक्टरला. डेपोत कळलं तर स्टिअरिंग गेलं हातातून. मला दुसरं येतं काय?"

"अहो, पण..." आई म्हणाली.

"दे ती बटणांची पट्टी. बंद कर आता."

चिंगीने पट्टी छातीशी धरली. "नाही देणार. बाबा, शाळेला आम्ही सगळ्या सायकलवर जातो. तुमच्या बसच्या डावीकडून."

यंत्र तापत चाललं होतं. माझा एक गंजका दात जेमतेम टेकलेला होता, आणि उष्णतेने तोही सुटू पाहत होता. चित्राच्या कडेला एक रेघ थरथरू लागली. चित्र आता विसकटलं असतं, तर तो म्हणाला असता, बघा, कॅसेटच बिघडलीय. उद्या पहाटे त्याने किल्ली उचलली असती. जन्मभर मी त्या वटवाघळापायी शिव्या खाल्ल्या होत्या. त्या घटकेला मी त्याला जीव मुठीत धरून सांभाळलं. हलू नकोस. इथेच थांब. त्याला पुन्हा बघू दे.

तो पडद्यासमोर उभा राहिला. कोपरा, छत्रीवाला. कोपरा, छत्रीवाला. शेवटी त्याने खिळ्यावरची किल्ली काढली आणि बायकोच्या हातात दिली.

"मी डेपोत जाऊन सांगून येतो. उद्या दुसऱ्याला बसवा म्हणतो." दाराशी तो थबकला. "चिंगे, तू चल बरोबर. डावीकडून चाल."

डॉक्टरने सांगितलं, आजार काचबिंदूचा. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली रोजच्या थेंबांनी राखता येईल. त्याने पुन्हा बस चालवली नाही. आता तो डेपोत पासच्या खिडकीत बसतो, आणि बस फाटकाबाहेर पडली की तिच्या आवाजावरून कोण चालवतोय ते सांगतो, असं आई म्हणते. सांगताना ती हसत नाही.

त्या रात्री माझा तो गंजका दातही सुटला, आणि पडद्यावर मीही परत उजळले नाही. माझ्या पोटात या खेळाचा शेवट आहे, तो या घरात कुणीच पाहिला नाही. आमच्यासारख्यांना फुंकर मारू नका, मित्रांनो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हळूच पुसा, आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो.

माझं खरं मागणं मात्र वेगळं आहे. तुमच्या घरातल्या कुणाला काल जमत होतं ते आज जमेनासं झालं, आणि तो वस्तूवर चिडू लागला, तर त्याच्याबरोबर तुम्हीही वस्तूला दोष देऊ नका. हातातलं काम थांबवा. त्याच्या शेजारी बसा, आणि तुम्हाला जे दिसतंय ते त्याला दिसतं का, एवढं विचारा. आणि लवकर विचारा. माझ्या घरात विचारायला उशीर झाला.