म्हातारीची मेंढरं

देवळाली प्रवराच्या शिवारात बिबट्यानं उच्छाद मांडला होता आणि मी घरात बसून नाताळचं कीर्तन रचत होतो.

"गावाला पडलंय जनावराचं अन् ह्यांना चालीचं!" माझी बायको मार्था शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. मला राग यायचा. पण ती चुकतेय असंही वाटत नव्हतं. लोकांची शेरडं-कुत्री जात होती आणि मी पेटीवर सूर धरत होतो. मग काय काठी घेऊन उसात शिरू? मला दुसरं येतं काय?

अशात कांदा लावणाऱ्या टोळीचा मुकादम आबासाहेब दारात आला. बायांची शेताकडं जायची वाट दोन्ही अंगांनी उसाची. "कृपादानभाऊ, सकाळी बायांच्या पुढं चाला आन् मोठ्यानं म्हना कायतरी. आवाज असला की जनावर वाट सोडतं."

अहो, काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं! गावाला माझ्या गाण्याची गरज पडली. मार्थाकडं मी मुद्दाम बघितलंसुद्धा नाही.

रोज सकाळी माझं कीर्तन उसातून निघायला लागलं. कथा माझ्याच डोक्यातली. बाळ येशूला बघायला सगळे मेंढपाळ बेथलेहेमला पळाले, मग मागं मेंढरं कुणी राखली? एका म्हातारीनं. रात्री रचायचं तेवढं सकाळी म्हणायचं. बाया खाली मुंडी घालून मागून झपाझप चालायच्या. पाचव्या दिवशी कथेतला लांडगा कुंपणाशी आला आणि माझा घसा पार बसला.

सहाव्या दिवशी आबासाहेबानं तेलाचा रिकामा डबा आणला आणि काठीनं बडवत पुढं निघाला. "तुमी आराम करा भाऊ. ह्यो लई ब्येस वाजतोय."

म्हणजे इतके दिवस मी डबाच होतो! घरी येऊन पेटीवर कापड टाकलं. मार्था भाकरी थापत राहिली. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी दुपारी भामाबाई आली. त्याच टोळीतली, बुद्धविहाराशेजारी राहते. आमच्या चर्चची पायरी ती कधी चढलेली नाही. पंधरा दिवसांमागं तिची गाभण शेळी बिबट्यानं नेली.

"दादा, म्हातारीची मेंढरं वाचली का?"

मी फणकारलो. "डबा आहे की तुमचा! आणि इथं भर दुपारी कुठला आलाय बिबट्या?"

"म्हनून तर आले. तितं निम्मं ध्यान उसात ऱ्हातं. हितं नीट ऐकू येईल."

पुढचं मी रचलंच नव्हतं. मेंढरं वाचली म्हणावं, तर हिची शेळी गेलेली, कुठल्या तोंडानं म्हणू? लांडग्यानं नेली म्हणावं, तर तेवढं ऐकायला ही एवढ्या उन्हात कशाला आली असेल?

"भामाबाई, पुढं काय झालं ते मलाच ठाऊक नाही."

"मला तरी कुठं ठावं हाय?" तिनं उंबऱ्याशी फतकल मारली. "झालंय तितवर म्हना. पुढचं बघू दोघं."

"घसा बसलाय माझा."

"बसू द्या. मी बी बसलेच हाय."

मार्था आतून आली, पेटीवरचं कापड काढलं आणि भामाबाईशेजारी बसली.