खुंट्यावरचा हात

अहल्येच्या तेराव्याची पानं मांडली जात होती आणि तिच्या नवऱ्याचे, माधवचे, थोरले बंधू अण्णा ओसरीवर भाषण घोकत बसले होते. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन पंधरवडा झाला होता. दुपारी शहरातल्या फ्रीगंज भागात सभा होती. विषय, दलितांचा उद्धार.

"मूळ संस्कृत," अण्णा म्हणाले. "दल् म्हणजे फुटणं. दलित म्हणजे फुटलेला, चिरडलेला. इथूनच सुरुवात करतो. लोक डोलतील."

तेवढ्यात मागच्या दारी गेंदाबाई येऊन उभी राहिली. ती गल्ली झाडायची. अहल्या चार महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सख्ख्या जावा नाकाला पदर लावून दारातूनच परत जात. तिचं धुणं-पुसणं, कूस बदलणं गेंदाबाईनं केलं.

"तिला तिकडंच थांबव," अण्णा कागदातून मान वर न काढता माधवला म्हणाले. "सगळे उठले की उरलंसुरलं दे पत्रावळीवर."

सुनंदाआत्या वरण घोटत होती. "अण्णा, शब्दाचं मूळ मला विचारायचंस. जन्मभर डाळ भरडलीय मी. तूर काही आपणहून फुटत नाही. जात्याचा खुंटा कुणीतरी फिरवतं. तो कोण, ते आहे का तुझ्या भाषणात?"

"आत्या, तू वरणाकडं बघ."

"वरण शिजलंय. तूच कच्चा राहिलास."

माधवला अण्णांची किळस आली. मग त्याची नजर मागच्या दाराच्या कोनाड्यात गेली. तिथं कान तुटलेला कप होता, गेंदाबाईचा. तो तिथं त्यानंच ठेवला होता. "तिला माझ्या कपात चहा द्या हो," अहल्या शेवटच्या आठवड्यात म्हणाली होती. "तू बरी हो, मग बघू," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

माधवनं तो कप उकिरड्यावर टाकला आणि आपल्या पाटाशेजारी एक पाट मांडला. "गेंदाबाई, आत या."

"ती बसली तर मी उठतो," अण्णा म्हणाले.

"उठा. नाहीतरी सभेला उशीर होईल."

गेंदाबाई जागची हलली नाही. "बाबूजी, आज तो बाई का दिन है. कल चाय किसमें दोगे?"

माधवनं फडताळातून अहल्येचा कप काढून पानाशेजारी ठेवला. "इसमें. कल भी, परसों भी."

तेव्हा ती उंबरा ओलांडून आत आली. अण्णा कागद गोळा करून, न जेवताच, उद्धार करायला निघून गेले.

मंडळी, दलितांना वर काढायला निघालेले गावोगाव भेटतील. त्यांना एवढंच विचारा, की घरच्या खुंट्यावरचा हात काढलात का? पण त्याआधी आपला हात कुठं आहे तेही पाहा. माधवला ते पाहायला तेरावा दिवस उजाडावा लागला.