गळ्यातली खोटी चिठ्ठी

"जिथलं पाणी, तिथलीच चिठ्ठी, नाहीतर बाटली ठरते खोटी!" प्रयोगशाळेतल्या बाईंचा तो आवाज आजही माझ्या काचेत घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा नमुना भरणं, हे माझं काम.

बाई मला वाफेत कडक तापवून काढायच्या. मग नमुनेवाला मला पेटीत घालून सायकलवरून गल्लोगल्ली न्यायचा. नळाचं तोंड ज्योतीवर शेकायचा, मला भरायचा आणि गळ्यात त्या गल्लीच्या नावाची चिठ्ठी बांधायचा. "आली गं पाण्याची डॉक्टरीण!" बायका हसायच्या. मी ऐटीत मिरवायचे.

मग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. तलावाचा तळ दिसू लागला. टेकडीवरच्या शेवटच्या गल्लीला चार दिवसांनी एकदा, दुपारी जेमतेम तासभर पाणी यायचं. एरवी जमिनीखालचे रिकामे नळ तहानेल्या जिवासारखे, आजूबाजूला जे मुरलं असेल ते आत ओढायचे. गटारसुद्धा.

त्याच गल्लीत नमुनेवाल्याची धाकटी बहीण राहायची. एका दुपारी चढ चढायचा त्याला कंटाळा आला. त्यानं मला जलशुद्धीकरण केंद्राच्या अंगणातल्या नळाखाली धरलं आणि गळ्यात टेकडीची चिठ्ठी बांधली. "एकदाच हं," तो मला म्हणाला. एकदाचं चारदा झालं. चारही वेळा कागदावर उमटलं : पाणी पिण्यास योग्य.

बहिणीनं विचारलं होतं, "दादा, पाण्याला वास येतोय रे. उकळून घेऊ का?"

"अगं, मी तपासलंय ना! भाऊ कशाला आहे तुझा?"

महिन्याभरातच गल्लीत कावीळ शिरली. भाचीचे डोळे पिवळेजर्द झाले. मित्रांनो, माझ्या काचेतून आरपार दिसतं म्हणतात. पण माझ्या पोटातलं खोटं कुणालाच दिसलं नाही. फुटून जावंसं वाटलं मला. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते : आमच्या गळ्यात काही बांधण्याआधी आमच्या पोटात काय आहे ते बघा. आम्हाला बोलता येत नाही.

काल बहीण प्रयोगशाळेत आली. मी टेबलावरच होते, गळ्यात चौथी चिठ्ठी अजून तशीच. बाई कागद चाळत म्हणाल्या, "चारही अहवाल स्वच्छ आहेत. पाण्याचा दोष दिसत नाही. आज दुपारी नेहमीसारखं सोडतील."

बहिणीनं मान खाली घातली. राखेनं घासून घासून तिची बोटं सोलवटली होती. "मग माझाच माठ घाण असेल, बाई. मीच पाजलं लेकीला."

नमुनेवाला दाराशी उभा होता. तो पुढे आला. माझ्या गळ्यातली चिठ्ठी त्यानं ओढून तोडली आणि टेबलावर ठेवली.

"बाई, दुपारचं पाणी थांबवा," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "तायडे, तुझा माठ स्वच्छ आहे गं. मी तुझ्या गल्लीत आलोच नव्हतो."