ऐंशी पाठ तोंडपाठ

मित्रांनो, मी वाचन शिकवणारं एक जुनं पुस्तक आहे. माझा पुठ्ठा उसवला आहे आणि चाळिसाव्या पानावर टोमॅटोचा डाग आहे. माझ्या जातीची पुस्तकं आपली गोष्ट सांगताना आपण किती मुलांना शहाणं केलं ते सांगतात. मला तसं सांगता येणार नाही. मला जे सांगायचं आहे, ते सांगताना आजही माझी मान खाली जाते.

शाळेत न जाता घरीच आईवडिलांकडे शिकणाऱ्या मुलांसाठी माझा जन्म झाला. माझ्यात एकशेवीस पाठ होते. लाल अक्षरांतलं आईनं म्हणायचं आणि काळ्या अक्षरांतलं मुलानं वाचायचं, अशी माझी रचना. प्रत्येक पानावर रंगीत चित्र. पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं, ‘आठवड्याला एक नवा पाठ, रोज त्याची उजळणी. मूल कंटाळलं तरी पाठ पुरा करा.’ या ओळीचा मला फार अभिमान वाटायचा.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकन शहरी दर वसंतात घरच्या शिक्षणाच्या पुस्तकांचा मोठा बाजार भरायचा. तिथे मार्लिस नावाच्या बाईनं मला उचललं. ती पश्चिमेकडच्या टेकड्यांतून गाडी हाकत आली होती. तिच्या घराजवळची एका खोलीची शाळा बंद पडली होती आणि दुसऱ्या शाळेची बस जायला दीड तास, यायला दीड तास घ्यायची. म्हणून तिनं लेकीला घरीच शिकवायचं ठरवलं होतं. पण तिच्या हाताला घाम फुटला होता, तो माझ्या पुठ्ठ्याला लागला.

तिची सहा वर्षांची ग्रेटा शेजारच्या टेबलावर लाकडी अक्षरांच्या पेटीत दोन्ही हात घालून बसली होती. एकेक अक्षर गालाला लावून बघत होती.

“आई, हे घेऊ या ना!”

“खेळणी नकोत गं. चल.” मार्लिस माझी पानं उलटत होती. मग विक्रेत्याला म्हणाली, “मी काही शिक्षिका नाही हो. पण यात काय बोलायचं तेसुद्धा लिहून दिलंय. हे मला जमेल.”

मित्रांनो, मला त्या दिवशी वाटलं, माझी निवड झाली. ग्रेटाकडे मी लक्षसुद्धा दिलं नाही.

आमचं घर म्हणजे गवताळ टेकड्यांमधला गुरांचा मळा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी जागा ठरली. सकाळी भांडी आवरली की पाठ सुरू व्हायचा. मार्लिस लाल अक्षरं जशीच्या तशी वाचायची. लाल अक्षरांत ‘शाब्बास’ असेल तिथे शाब्बास म्हणायची, नसेल तिथे नाही. दुपारी घट्ट राजमा-खिम्याचं चिली आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन सगळे बसले, तरी मी तिथेच. ग्रेटाचे वडील डेल मला कोपरानं सरकवत म्हणायचे, “यालापण एक वाडगा वाढ. घरातला सगळ्यात शहाणा हाच.”

सुरुवातीला ग्रेटा अडायची. अक्षरं तिला जागच्या जागी दिसायची नाहीत. मार्लिस पुन्हा लाल ओळ म्हणायची, “पुन्हा वाच. नीट बघ.” ग्रेटाचे डोळे भरायचे. एकदा मार्लिस मला मिटणार होती. तेवढ्यात तिची नजर माझ्या पहिल्या पानावरच्या त्या ठळक ओळीवर गेली आणि तिनं मला पुन्हा उघडलं. तो पाठ संपायला दोन तास लागले.

त्यानंतर ग्रेटानं एक वाट शोधली. आई पान वाचून दाखवायची ते ती तोंडपाठ करायची. मग माझं चित्र बघायची आणि घडाघडा म्हणून टाकायची. बोट ओळीखाली फिरायचं, पण बोट एका शब्दावर आणि तोंड भलत्याच शब्दावर. हे मार्लिसला दिसलं नाही, कारण ती पुढची लाल ओळ शोधत असायची. मला दिसलं. ते बोट माझ्याच अंगावर होतं. चुगली करायला मला तोंड नव्हतं, हे खरं. पण मला ते आवडत होतं, हेही खरं. पाठ भराभर संपत होते, पानोपानी शाबासकीच्या सोनेरी चांदण्या चिकटत होत्या.

चर्चच्या तळघरात मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांची महिन्यातून एकदा बैठक भरायची. सगळ्या घरून काहीबाही करून आणायच्या. मार्लिस मला सोबत न्यायची. “आमची ग्रेटा ऐंशीव्या पाठावर आहे,” ती सांगायची. ग्रेटा उभी राहून एक पान म्हणून दाखवायची. बायका माझ्यावरून हात फिरवायच्या. त्यातल्या तिघींनी माझ्यासारखीच पुस्तकं मागवली. कोपऱ्यात बसलेल्या ओपलबाई मात्र काही बोलल्या नाहीत. बंद पडलेल्या त्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. त्या ग्रेटाच्या बोटाकडे बघत होत्या.

ग्रेटा आठ वर्षांची झाली. मार्च महिना होता, गाई व्यायचे दिवस. आई मेलेलं एक वासरू ग्रेटानं बाटलीच्या दुधावर वाढवायला घेतलं होतं. त्याचं नाव तिनं ठेवलं पॅनकेक. रोज सकाळी उठलं की पहिलं काम त्याचं.

एका पहाटे लांबच्या कुरणात एक गाय अडली म्हणून मार्लिस आणि डेल घाईनं निघाले. जाताना मार्लिसला गोठ्यात पॅनकेकचं पोट फुगलेलं दिसलं. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ग्रेटा झोपली होती म्हणून चिठ्ठी लिहिली आणि माझ्याच पुठ्ठ्यावर ठेवली. ‘पॅनकेकला दूध देऊ नकोस. डॉक्टर येतायत.’

ग्रेटा उठली. तिनं चिठ्ठी हातात घेतली आणि उभीच राहिली. चिठ्ठीला चित्र नव्हतं.

मग तिनं काय केलं माहीत आहे? तिनं मला उघडलं. चिठ्ठी माझ्या शेजारी धरून ती एकेक पान उलटू लागली, आकाराला आकार जुळवू लागली. मित्रांनो, तिनं माझ्याकडे मदत मागितली होती. बावन्नाव्या पानावर एक मुलगी मांजरीला दूध देते आहे. तिथे तिला ‘दूध’ सापडलं आणि ‘दे’ सापडलं. पॅनकेकचं नाव तिला येत होतं, ते तिनं आईकडून पाटीवर लिहून घेतलं होतं. राहिलेल्या शब्दांत महत्त्वाचा होता ‘नको’. ‘नको’ माझ्यात पाचव्या पाठापासून होता. पण नकोचं चित्र कसं काढणार?

तिचा चेहरा उजळला. आईनं सांगितलेलं आपल्याला कळलं, म्हणून. तिनं बाटली भरली आणि पळत गोठ्यात गेली.

डॉक्टर आले तेव्हा वासरू आडवं झालं होतं. दुपारच्या आत ते गेलं.

मार्लिस चिखलाच्या बुटांनीच स्वयंपाकघरात आली. “एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं मी! वाचलं नाहीस का?”

“वाचलं,” ग्रेटा म्हणाली.

“काय वाचलंस? वाच माझ्यासमोर!”

ग्रेटानं चिठ्ठी हातात घेतली आणि सुरात म्हणाली, “पॅनकेकला दूध दे. पॅनकेक दूध पितो. दूध छान आहे.”

मार्लिस थबकली. तो सूर तिच्या ओळखीचा होता, बावन्नाव्या पानाचा. तिनं एका कोऱ्या कागदावर माझं पहिलंच वाक्य लिहिलं आणि लेकीपुढे धरलं. ग्रेटानं कागद उलटून पाहिला, मागे काही चित्र आहे का ते.

“मार्लिस,” डेल दारातून हळूच म्हणाले, “तिला येत नाही गं.”

“का नाही सांगितलंस मला? दोन वर्षं!” मार्लिस लेकीला म्हणाली.

“पान संपलं की तू हसायचीस,” ग्रेटा म्हणाली. “मला वाटलं, आपोआप येईल नंतर.” आणि मग तिनं विचारलं, “पॅनकेक माझ्यामुळे मेला का?”

“नाही, राणी. नाही. माझ्यामुळे.” मार्लिस लेकीला कुशीत घेऊन खाली फरशीवरच बसली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, माझ्यामुळे, माझ्यामुळे. त्याच संध्याकाळी मला मागच्या दाराशी, बूट काढायच्या जागेत, कपडे धुण्याच्या यंत्रावर टाकण्यात आलं. मला ती जागा योग्यच वाटली.

पुढच्या बैठकीला मार्लिसनं मला नेलं ते अखेरचं. ती सगळ्यांसमोर उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मी तुम्हाला सांगत होते, ग्रेटा ऐंशीव्या पाठावर आहे म्हणून. तिला एक ओळही वाचता येत नाही. ज्यांनी माझं ऐकून हे पुस्तक घेतलं, त्यांनी आज घरी जाऊन कोऱ्या कागदावर चार शब्द लिहून मुलांपुढे धरा.”

तिघींपैकी एकीनं आपल्या मुलाचा हात घट्ट धरला.

ओपलबाई उठून तिच्याजवळ आल्या. “मला पोरीचं बोट दिसलं होतं. बोलायला हवं होतं, बोलले नाही. म्हटलं, म्हातारीचं कोण ऐकणार. त्याची लाज मलाही आहे.” मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, “पुस्तक तू तुझ्या भीतीसाठी घेतलंस, मार्लिस. पोरीसाठी नाही. सोमवारी येते मी. केक भाजायचं पसरट भांडं काढून ठेव आणि मक्याचं पीठ.”

सोमवारी त्या आल्या. ग्रेटा पिठात बोटानं अक्षरं काढू लागली. एका दिवसाला एकच अक्षर, कधी तेही नाही. कधी दोघी नुसत्या गोठ्यात जाऊन गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांवरची अक्षरं बघत. मार्लिस शेजारी बसून शिकायची, काय बोलायचं ते नव्हे, कधी गप्प राहायचं ते. दीड वर्ष गेलं. एका दुपारी ग्रेटा बूट काढता काढता माझ्या शेजारच्या साबणाच्या खोक्यावरची ओळ वाचू लागली. तीनदा अडली, मागे गेली, पुन्हा आली. खोक्यावर चित्र होतं ते फुलाचं, आणि ओळ होती कोमट पाण्याची. तिनं पाणीच वाचलं.

आनंदानं माझी पानं फुलायला हवी होती. पण त्यात माझा वाटा काहीच नव्हता.

पुढे जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मी गेलो. हॅना नावाच्या एका तरुण आईनं मला उचललं. मार्लिसनं तिच्यापासून काहीही लपवलं नाही, सगळं सांगितलं. हॅना म्हणाली, “मग मी आधी माझ्या मुलीला ओळखते, नंतर याला.” तिनं माझी निम्मी पानं गाळली. ती ठळक ओळ पेन्सिलनं खोडली. तिची लेक ॲडा जांभई देऊ लागली, की ती पाठाच्या मध्यावरच मला मिटते आणि दोघी बाहेर जातात.

तर मित्रांनो, एखादी गोष्ट कळली नाही, तर ‘कळली नाही’ म्हणा. त्यात लाज नाही. लाज असते ती न कळताच मिळालेल्या चांदण्यांवर खूश होण्यात, जसा मी झालो. आणि मोठ्यांना माझं हात जोडून एकच मागणं आहे. पुस्तक उघडून बसलात, की अधूनमधून त्यावरची नजर उचला. समोर मूल बसलेलं असतं. खरं काय चाललंय, ते तिथे लिहिलेलं असतं.