हार हँडलला, जवळा चाकात

मी एक जुनी फटफटी आहे. कागदोपत्री मोटारसायकल, पण कुलाबा जिल्ह्यात मला त्या नावानं कधी कुणी हाक मारली नाही. मित्रांनो, माझा गंज बघून नाक मुरडू नका. नाक मुरडायचं काम मीच जन्मभर केलंय, आणि आज सांगणार आहे ती हकीकतही किळसेचीच आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. लढाईसाठी मला घडवलं, पण मी मुंबईला उतरले आणि लढाईच संपली. स्वातंत्र्यानंतर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा हरेश्वरनं मला घेतलं. हा हरेश्वर मुंबईत गोदीच्या कारखान्यात फिटर होता. त्यानं माझा तो मेला शेवाळी रंग खरवडून काढला, काळा कुळकुळीत रंग दिला आणि टाकीवर सोनेरी रेघ ओढली. सुट्टीच्या दिवशी तासन् तास मला पुसत बसायचा. खोटं कशाला बोलू, फार लाड केले त्यानं माझे.

त्याचे सात-आठ फटफटीवाले दोस्त होते. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून मुरुडला जायचं असं त्यांचं ठरलं. हरेश्वर मूळचा पोयनाडचा, पण अगदी लहानपणीच मुंबईला आलेला. तरी छाती फुगवून म्हणाला, "अरे, माझा मुलूख आहे तो! समुद्राच्या कडेकडेनं असा रस्ता दाखवतो की बघत राहाल. मला तो डोळे झाकून येतो." झालं, पुढारी तोच ठरला.

आणि हा डोळे झाकून येणारा रस्ता बघायला गडी मला घेऊन आधीच्या आठवड्यात गुपचूप निघाला! बायकोला सांगितलं, गावच्या देवाला जातो. शिडाच्या पडावातून समुद्र ओलांडून रेवसला उतरलो, अलिबाग, चौल करत रेवदंड्याला आलो. खाडीपलीकडे जायला तिथे धक्क्यावरून होडी घ्यावी लागते. धक्क्यापर्यंत गावातून सरळ रस्ता होता, पण त्यात मिरवायला काय मिळणार? यानं मला किनाऱ्यावर घातलं. ओली, घट्ट वाळू, एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला पाणी. वाट सुरेख होती, नाही म्हणत नाही. पण धक्क्याकडे वर चढायच्या जागीच जुन्या जाळ्यांवर जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळत घातलेला. शी! त्या वासानं माझा जीव नकोसा झाला.

राही नावाची कोळीण काठी घेऊन राखणीला बसली होती. ती आडवी आली. "थांब दादूस! पावसाल्यात होड्या बंद, तवा आमच्या पोरांच्या पोटाला ह्योच जवला हाय. वरून नको जाऊ."

हरेश्वरनं तिला मावशी म्हटलं, गोड बोलून सगळा बेत सांगितला. बिचारी विरघळली. जाळ्यांची कड गुंडाळून तिनं आम्हाला वाट करून दिली, वर त्याला भाकरी नि पाणी दिलं.

"कंदी येनार समदी?" तिनं विचारलं.

"आयतवारी, मावशी."

"मंग आयतवारी सकालीच उचलून ठेवीन. खुशाल जा."

पण मुंबईला परतल्यावर दोस्तांनी बेत एक दिवस अलीकडे ओढला. हरेश्वरला बोलता येईना. बोलला असता तर रस्ता बघून आल्याचं फुटलं असतं ना!

शनिवारी आम्ही रेवदंड्यात शिरलो. मी सगळ्यांच्या पुढे. अजूनही गावातल्या रस्त्यानं जाता आलं असतं, पण यानं मला वाळूतच वळवलं. लांबूनच जवळा दिसला. राही हात हलवत, ओरडत धावत होती. हरेश्वरची बोटं ब्रेकवर आली, मला कळली ती. मागून नामा नावाचा त्याचा दोस्त ओरडला, "काय रे, चुकलास काय वाट?" आणि मित्रांनो, ती बोटं ब्रेकवरून उठली. त्यानं मला जोरात पुढे रेटलं. माझ्यामागून बाकीच्या सगळ्या गाड्या आल्या. जाळी फाटली, जवळा वाळूत चेचला गेला.

धक्क्यावर होडीची वाट बघत थांबावं लागलं, तेव्हा राही धापा टाकत आली. मुठीत वाळूनं माखलेला जवळा होता. "दादूस, आयतवारी म्हनलावतास ना रं? पोरांना आता काय घालू मी?"

"कोण दादूस?" हरेश्वर म्हणाला. "तुम्ही चुकताय, बाई. लहानपणानंतर मी या वाटेला आजच येतोय."

नामानं नाकाला रुमाल लावला. "काय घाण वास येतोय हिच्या हाताला!" सगळे हसले. त्यात हरेश्वरही हसला.

राहीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या टाकीवर हात ठेवला. "मी खोटी काय? मंग ह्या फटफटीला तरी ईचार."

एरवी माझा आवाज अख्ख्या बंदरात घुमतो. पण इंजिन बंद होतं. मला त्या बाईच्या हाताची घाण वाटली नाही. वाटली ती माझ्यावर बसणाऱ्याची. जिची भाकरी खाल्ली तिला ओळख न देणाऱ्या माणसाला पाठीवर घ्यायचं, शी, शी!

मुरुडला पोचल्यावर दोस्तांनी हरेश्वरचा जयजयकार केला. काय वाट, काय देखावा, काय माहिती! कुणीतरी सोनचाफ्याचा हार आणून माझ्या हँडलला घातला. माझ्या चाकांच्या आऱ्यांत राहीचा जवळा तसाच अडकलेला होता. इतकी किळस मला गटारातून जातानाही कधी आली नाही.

पुढे हरेश्वर मला कमी काढू लागला. धुवायचा, पण नजर चुकवून. शेवटी त्यानं मला विकलं, आणि फिरत फिरत मी आगरदांड्याच्या या पडवीत येऊन पडले. इथे कोंबड्या माझ्या सीटवर बसतात. बसोत.

मित्रांनो, मला तेल द्या, गंज काढा असं मी म्हणणार नाही. माझं काय व्हायचं ते झालं. पण उद्या तुम्ही गाड्या घ्याल, मागे दहा जण असतील, आणि वाटेत कुणाचं तरी वाळवण पसरलेलं असेल. तेव्हा खाली उतरा, सगळ्यांच्या देखत गाडी वळवा आणि म्हणा, "मी चुकलो." जड असतो आम्ही, ठाऊक आहे. पण वळवलं की वळतो.