अंघोळीनंतरच्या दोन फेऱ्या

बॅटरीवाल्याची मिशी नऊ वर्षांची होती आणि तिचं कोणाशीही वैर नव्हतं. तरी तिचा बळी गेला, आणि तो घेतला सासूबाईंनी.

बॅटरीवाल्याचा धंदा जुन्या बॅटऱ्या फोडून दुरुस्त करण्याचा. दिवसभर शिसं वितळवायचं, ओतायचं, घासायचं. बायकोला चौथा महिना लागला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. आकडा आला अकरा.

"जितकं कमी तितकं बरं. पाचाच्या वर गेलं की मी पाठ सोडत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आईचं शिसं बाळात उतरतं. वजन, मेंदू, सगळ्याला धोका. घरात ही शिशाची धूळ आणतं कोण?"

बायकोने आणि सासूबाईंनी बॅटरीवाल्याकडे पाहिलं. दुसरं कोणी नसल्यामुळे त्यानेही स्वतःकडेच पाहिलं.

हुकूम निघाला: अंघोळ दुकानात, कपडे बदलायचे दुकानात, कामाची चप्पल दुकानात. सासूबाई त्याच संध्याकाळी बॅग घेऊन राहायला आल्या आणि दाराशी खुर्ची टाकून, हातात पांढरा रुमाल घेऊन बसल्या.

"जावईबापू, कान."

रुमाल करडा झाला की जावईबापू आल्या पावली परत नळाकडे. तिसऱ्या दिवशी रुमाल मिशीपाशी अडला.

"हिच्यात धूळ बसते."

"मिशी माझी आहे."

"नातवंड माझं आहे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंक्चरवाल्याने त्यालाच विचारलं, "मालक कुठे गेलेत?"

त्याच आठवड्यात दुकानातल्या खुंटीवरचा कामाचा शर्ट गायब झाला. बॅटरीवाल्याने सरळ पंक्चरवाल्याला धरलं. पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, "अॅसिडने सतरा भोकं पडलेला शर्ट मी चोरीन? अरे, भोकं बुजवायचा धंदा आहे माझा. घरी कशाला नेऊ?" हे पटण्यासारखं होतं.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. पंधरा.

"अंघोळ करताय की नुसते भिजताय?" नर्सबाईंनी विचारलं.

बॅटरीवाल्याने अंगाचं सालपट निघेपर्यंत घासलं होतं, मिशी दिली होती, आता द्यायला भुवया तेवढ्या उरल्या होत्या. घरी येऊन तो न्हाणीघरात उपड्या बादलीवर बसून राहिला. आपल्या हातचं काहीतरी, डोळ्यांना न दिसणारं, त्या पोटातल्या जिवापर्यंत पोचतंय, आणि कुठून ते कळत नाही. त्याला पहिल्यांदाच धंद्याची भीती वाटली.

बाहेर सासूबाईंनी घराची झडती सुरू केली होती. डबे उपसले, गादी उलटली. मग बायकोची उशी हातात घेतली तर बायको एकदम म्हणाली, "आई, ती राहू दे."

अर्थात, ती राहिली नाही. अभ्र्यातून शर्ट निघाला. सतरा भोकांचा.

"डबा द्यायला गेले होते तेव्हा आणला," बायको मान खाली घालून म्हणाली. "मला सगळ्या जगाचा वास सहन होत नाही. भाताचा नाही, तेलाचा नाही, तुझाही नाही, आई. ह्यांच्या घामाचा तेवढा चालतो, आणि हे हल्ली घरी येतात ते साबणाची वडी होऊन! ह्याच्यावर डोकं ठेवलं की उलटी थांबते."

महिनाभर ती शिशाच्या धुळीवर गाल टेकून झोपत होती. तिला ते कळलं तेव्हा तिने आधी पोटावर हात ठेवला आणि मग भोकाड पसरलं. बॅटरीवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही थोडंथोडं केलं.

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी बरेच बाप पाहिले होते, पण उशीतला हा पहिलाच. "शर्ट घराबाहेर. शिसं नको," त्या म्हणाल्या. "घाम चालेल."

आणि नवा नेम सुरू झाला. बॅटरीवाला दुकानात अंघोळ करी, घरी येई, कान दाखवी, धुतलेला शर्ट घाली आणि इमारतीभोवती पळत सुटे. दहा फेऱ्यांनी दाराशी आला की सासूबाई नाकाला पदर न लावता हुंगत.

"अजून दोन फेऱ्या, जावईबापू. अजून साबण येतोय."

शेजाऱ्यांनी त्याला वेड लागल्याचं आपापसांत ठरवून टाकलं. अंघोळ करून घामेजण्यासाठी पळणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पुढच्या महिन्यात आकडा नऊवर आला. मग सहा. नवव्या महिन्यात चार.

मुलगी झाली. वजन तीन किलो, आवाज तीन माणसांचा. नाळेच्या रक्तात शिसं तीन. नर्सबाईंनी आकडा दोनदा वाचला. "छान. पण पाठ सोडलेली नाही. सहा महिन्यांनी हिचं रक्त, आणि तुमची अंघोळ चालू."

बॅटरीवाला दुकानात एकदा, घरी एकदा आणि दवाखान्याच्या नळावर तिसऱ्यांदा न्हाऊन आला होता. सासूबाईंनी सवयीने दोन्ही कान पुसले. रुमाल पांढराशुभ्र. मुलगी त्याच्या हातात दिली.

तिने एकदा हुंगलं आणि सगळा वॉर्ड जागा होईल असा टाहो फोडला.

खाटेवरून बायकोने डोळेही उघडले नाहीत. म्हणाली, "दोन फेऱ्या मारून या."